होडीचा हूक आणि बैलाची मान

जालन्याला मी होडी घेऊन उतरले. हे वाक्य मालवणात कुणालाही ऐकवलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "समुद्र आहे का गो तिथे?" समुद्र सोडाच. नवीन जालन्याच्या ज्या मोंढ्यात (धान्याच्या घाऊक बाजारात) आमचा ट्रक थांबला, तिथल्या हापशीवर घागरींची रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. हापशी कोरड्या घशानं खाकरत होती, आणि त्या रांगेसमोर हमालांनी आमची होडी उतरवून तिच्या दोनचाकी गाड्यावर ठेवली. रांगेतल्या बायका घागरी सोडून होडीभोवती जमल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भुकेल्याच्या दारात जेवणाची भांडी घेऊन उभं राहावं तसं ते दृश्य होतं.

ट्रक ड्रायव्हरला सरकी भरून नागपूरकडे जायचं होतं. "नदीबिदीपर्यंत आपण येणार नाही," असं त्यानं कोल्हापुरातच बजावलं होतं. तो गेला. मी, होडी, गाडा, राळेचा डबा आणि हत्यारांची पिशवी एवढा संसार रस्त्यावर उरला. एका म्हातारीनं येऊन होडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं. एका गृहस्थांनी ही डिझेलवर चालते का, अशी चौकशी केली. दुसऱ्यानं तिला बोटांनी वाजवून पाहिलं आणि "लाकूड बराबर हाये" असं प्रमाणपत्र दिलं. सागवान आहे हो, म्हणून मी जरा ताठ झाले.

खरं तर यायचे होते बाबा. आमचा होड्या बांधायचा धंदा त्यांचा. पण माडीवरून पडून त्यांनी पाय मोडून घेतला, भाऊ बोटीवर नोकरीला, म्हणून पाठवणी माझी झाली. लहानपणापासून त्या लाकडाच्या भुशात वाढले, तेव्हा कामाची भीती नव्हती. निघताना बाबांनी एवढंच सांगितलं, "पाण्यात उतरेपर्यंत होडीच्या अंगावरचा हात काढू नकोस."

होडी मागवली होती साळवे गुरुजींनी. हे शहागडच्या जरा वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठावरच्या एका गावचे. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन ते मालवणला आले होते. मुलं किल्ला बघत होती आणि हे गृहस्थ सगळी दुपार आमच्या अंगणात बसून बाबांना नदीच्या होडीबद्दल विचारत होते. तळ सपाट हवा, काठ बुटका हवा, म्हाताऱ्या माणसाला पाय सहज टाकता आला पाहिजे. शेवटचं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. बाबांनी तसाच काठ ठेवला.

तेच गुरुजी आता मोंढ्यात जीपमधून उतरले. उंच, किडकिडीत, पांढरी टोपी नाही, डोळ्यांवर जाड चष्मा. "जयभीम ताई, लई तरास झाला का?" म्हणत त्यांनी होडीकडे पाहिलं आणि पुढचं बोलायचं विसरले. मागून त्यांच्या आई उतरल्या, गयाबाई. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. त्या होडीजवळ आल्या नाहीत. लांबूनच बघत राहिल्या.

"पहिली माय बसणार हिच्यात," गुरुजी मला म्हणाले. "मंग बाकीचं गाव. हे माझं जुनं ठरलेलं हाये."

"बसंल तवा बसंल," गयाबाई म्हणाल्या. "आजून नदी लांब हाये."

जीप चालवणारे आणि जीपचे मालक बापूराव, त्याच गावचे मोठे शेतकरी. गुरुजींचे शाळेतले सोबती. गलमिशा, पांढरं धोतर, मोठा आवाज, आणि सतत कशावर तरी थाप मारायची सवय. त्यांनी जीपवर थाप मारली, होडीवर मारली, आणि "चला जल्दी, अंबडला जेवायचं हाये" म्हणून गाड्याचा दांडा उचलून जीपच्या मागच्या हुकात अडकवलासुद्धा.

मी वाकून पाहिलं. काळ्या रानातल्या चिखलासाठी बापूरावांनी जीपला स्प्रिंगचे जाड पाटे आणि मोठी टायरं घालून ती माडीसारखी उंच केली होती. तिचा हूक माझ्या कमरेला लागत होता. आमच्या गाड्याचा दांडा सपाट धरला तर गुडघ्याच्या जरा वर. हुकात अडकवताच होडीचं नाक वर आभाळात आणि शेपूट जमिनीला टेकायच्या बेतात! बाबांनी हे पाहिलं असतं तर दुसरा पाय मोडला असता.

"बगा, मान कशी ताठ!" बापूराव खूश.

"बापूराव, हे असं चालणार नाही. काढा ते."

"का वं ताई?"

मी त्यांना समजावलं. तुम्हालाही सांगते, कारण आपल्याकडेही होडी जीपमागे बांधणारे शहाणे आता निघाले आहेत. हूक फार उंच असला की सगळं वजन मागे सरकतं, दांड्यावर काहीच दाब राहत नाही, आणि गाडा कुत्र्याच्या शेपटीसारखा डावीउजवीकडे हलायला लागतो. हूक फार खाली असला तर नाक खाली खुपसतं, जीपची मागची बाजू दबते आणि पुढची चाकं हलकी होऊन वळणावर ऐकत नाहीत. होडी गाड्यावर कशी दिसली पाहिजे? शांत पाण्यात दिसते तशी. सपाट. फार तर नाक केसभर खाली, म्हणजे हुकावर थोडं ओझं राहतं. तेवढं ओझं लागतंच.

"ओझं?" बापूरावांचा चेहरा पडला. "आमच्याकडं उलटं असतंय. गाडी भरली की जू उचलून बगायचं. जड लागलं की पोती मागं सारायची. जनावराच्या मानंवर वझं न्हाई द्यायचं."

"ही जीप आहे."

"वढती ना वझं? मंग बैलच की."

हा वाद अर्धा मोंढा ऐकत होता आणि सगळा मोंढा बापूरावांच्या बाजूनं होता. मी एकटी हट्टाला पेटले. शेवटी गुरुजी मध्ये पडले, "बापूराव, नाव त्यांनी बांधली, त्यांचं ऐकू," आणि आम्ही स्टेशनाजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. तिथे मी खडूनं फरशीवर आकृती काढून दिली. जीपच्या हुकाच्या जागी एक जाड वाकडी पट्टी बसवायची आणि हूक तिच्या खालच्या टोकाला घ्यायचा. पट्टी बोल्टांनी बसली. मग मी शेजारच्या हॉटेलातून परात मागितली, तिच्यात पाणी ओतलं आणि होडीच्या तळावर ठेवली. पाणी चहूकडे सारखं, पुढच्या काठाला नखभर जास्त. मी खाली उतरले. हॉटेलवाल्यानं परात परत घेताना विचारलं, "नावंला पाणी दाखवलं का बाई?" मी हो म्हटलं. त्याला ते पटलं.

जालन्याहून अंबडची वाट सोपी निघाली. मी मागे, जीपच्या मागच्या उघड्या बाजूला तोंड करून बसले होते आणि होडी जीपमागून आज्ञाधारक वासरासारखी येत होती. दिवाळी नुकतीच झाली होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आपल्याकडे डोळ्याला हिरव्याची सवय. इथे काळी जमीन आणि तिच्यावर पांढरं पसरलेलं, हे पाहून पहिल्यांदा मला मिठागर आठवलं. मधेच मोसंबीच्या बागा. गोलापांगरीला चहा प्यायलो. त्या चहात चमचा उभा राहील एवढी साखर होती. होडी पाहायला इथेही गर्दी झाली आणि बापूराव प्रत्येकाला ऐटीत सांगत होते, "कोकणातून आणली. आमच्या गावची नाव हाये." आमच्या गावची, हा शब्द ते म्हणाले तेव्हा गयाबाईंनी जीपमधून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

अंबडला गावाजवळ मत्स्योदरी देवीची टेकडी आहे. टेकडी माशाच्या आकाराची म्हणतात. आमच्या होडीला साऱ्या वाटेत भेटलेला मासा तेवढाच. जेवण गुरुजींच्या मावसबहिणीकडे होतं. सारवलेली ओसरी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि आत चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज. येसराची आमटी (धान्य आणि मसाला भाजून केलेल्या पिठाची), ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, वर करडईचं कच्चं तेल. ठेच्याच्या पहिल्या घासाला माझे कान वाजले. पण आमटी अशी की मी मासे विसरले, हे मालवणची बाई लिहिते आहे याची नोंद घ्यावी.

बापूराव जेवायला आले नाहीत. "मला पेंड घ्यायचीय, दुकान बंद व्हईल. तुम्ही बसा," म्हणून दारातूनच होडीसकट जीप घेऊन गेले. गुरुजींनी आग्रह केला नाही. बहिणीनं त्यांच्यासाठी ताटही वाढलं नव्हतं. मला वाटलं, घाई असेल.

जेवून उठतो तो बापूराव परत आलेले, हॉर्न वाजवतायत, होडीवर ताडपत्री घट्ट बांधलेली. "पाऊस न्हाई काही न्हाई, ताडपत्री कशाला?" गुरुजींनी विचारलं. "धूळ लई हाये फुडं," बापूराव म्हणाले. आता गयाबाईंना होडी दिसेल असं बसायचं होतं, म्हणून त्या लेकाशेजारी मागे गेल्या आणि मी पुढे बापूरावांजवळ. मी उतरून एकदा मागे जाऊन हूक पाहायला हवा होता. बाबांचं वाक्य आमटीत बुडालं, दुसरं काय.

अंबड सुटलं आणि रस्ता बिघडला. वडीगोद्रीच्या अलीकडे एका ओढ्याकडे उतार आहे. तिथे जीपचं बूड कुणीतरी डावीकडे ढकलल्यासारखं सरकलं. मग उजवीकडे. मग डावीकडे, आधीपेक्षा जास्त. बापूराव चाक फिरवत होते ते एकीकडे आणि जीप निघाली होती भलतीकडे. "ब्रेक मारू नका!" मी ओरडले. त्यांनी ब्रेक मारला. मागून गयाबाईंची किंकाळी आली, "नाव! नाव गेली!" खाड्‌कन आवाज झाला. मी उजवीकडे पाहिलं, आणि माझ्याच बापानं बांधलेली होडी मला मागे टाकून पुढे निघाली होती.

रस्त्यावरून होडी आपल्याला ओलांडून जाते हे पाहिल्यावर माणसाचं काय होतं ते मला सांगता येणार नाही. ती ताडपत्री फडफडवत गेली, कडेच्या चरात उतरली, कापसात घुसली आणि एका बांधाला धडकून कलंडली. कापूस वेचणाऱ्या बायका लांब होत्या, एवढं नशीब.

गुरुजी धावले. मी त्यांच्यामागे. ताडपत्री काढली तर होडीच्या पार मागच्या टोकाला पेंडीची पोती, एकावर एक. आणि जीपच्या मागे पाहिलं तर माझी पट्टी उलटी बसवलेली. हूक खाली उतरायच्या ऐवजी वर चढला होता, होता त्याहूनही वर. तळाची एक फळी तडकली होती आणि दोन सांधे उघडले होते. फटीतून खालची माती दिसत होती.

गुरुजींनी चष्मा काढला आणि त्या फटीवरून बोट फिरवलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

चिडले मी. मालवणीत जेवढं येतं तेवढं सगळं बोलले. बापूराव खाली मान घालून उभे.

"ताई, दांडा दगडाला घासून राह्यला व्हता. गावातल्या उंचवट्यावर दोनदा घासला. म्हून पट्टी उलटी केली. आन् पोती मागं टाकली, जीपच्या मानंवर वझं नको म्हून."

"मान! अहो तिला मान नाही! लोखंड आहे ते!"

"आमच्या हाताला तीच सवय हाये, ताई. आज्यापासून. मुक्या जनावराला बोलता येत न्हाई. मानंला वझं झालं तर ते कुनाला सांगंल?"

तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा राग अर्धा तिथेच उतरला आणि मी फळीकडे वळले. राळ होती, तेल होतं, पटाशी होती. फळीवर पट्टी मारता आली असती. सांध्यांत ठासायला कापूस हवा होता, आणि आम्ही उभे होतो कापसात. वेचणाऱ्या बायका आल्याच होत्या, त्यांच्या हातभारानं होडी सरळ झाली. मी मागण्याआधी एकीनं ओटीतला कापूस होडीत ओतला. "घ्या बाई, ह्याला काय तोटा हाये."

बांधावर बसून गयाबाई त्या कापसाच्या वाती वळायला लागल्या. मांडीवर हात फिरवून लांब, जाड, एकसारख्या. मी त्या सांध्यात ठासत होते, गुरुजी रस्त्याकडे काटक्या पेटवून राळ पातळ करत होते. बापूराव पोती उतरवत होते. तेव्हा गयाबाई बोलल्या, वातीवरची नजर न काढता.

"मालकांच्या घरी बैलाच्या मानंला लई जपत्यात. पयल्यापासून. आमी बगितलंय."

"हो मावशी, पण जीपला कुठली..." मी म्हणत होते.

"नदीवर नाव व्हती तवा. मालकांच्या घरचीच व्हती. निजामाचं राज व्हतं. माझी लेक सोनी तापानं फणफणली. ह्याच्याआधीची, मोठी. पल्याड हकीम व्हता, चांगला व्हता, औषध कुनालाबी द्यायचा. दिवस कलताना तिला घिऊन काठावर गेल्ते. नाव भरून राह्यली व्हती. कापसाची पोती, दोन शेरड्या, मालकांच्या घरची मान्सं. मी म्हनलं, मलाबी घ्या. नाववाला गडी म्हनला, जागा न्हाई, मागून ये. जागा व्हती. मला दिसत व्हती ना."

मी ठासायचं थांबले.

"मी म्हनलं, पायापाशी बसते, कुनाला शिवत न्हाई. तर म्हनला, मागल्या खेपंला. नाव गेली. मागली खेप आलीच न्हाई. अंधार पडला, गडी तिकडंच राह्यला. मी काठावर बसून राह्यले. पहाटंला सोनी गेली." तिनं वात संपवून माझ्या हाताशी ठेवली. "तवापासून मी नावंत पाय ठिवला न्हाई. उन्हाळ्यात नदी आटली की चालत जाते. पानी असलं की जात न्हाई."

वेचणाऱ्या बायका उभ्याच राहिल्या. ती रडत नव्हती. तिचा आवाज चढलासुद्धा नव्हता. मला वाटतं त्याचाच धक्का जास्त होता.

मग ती म्हणाली, "हे मालकबी व्हते नावंत. एवढेसे. आईच्या मांडीवर बसून पेरू खाऊन राह्यले व्हते."

मी वर पाहिलं. बापूराव पेंडीचं पोतं मानेवर घेऊन उभे होते. ते खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं. पोत्याच्या ओझ्यानं मान एका बाजूला वाकली होती. किती वेळ तसे उभे होते कुणास ठाऊक. गुरुजी त्यांच्याकडे पाहत नव्हते. राळ उकळायला लागली होती आणि गुरुजी ती ढवळत राहिले.

बापूरावांनी शेवटी पोतं होडीच्या पुढच्या भागात ठेवलं. दुसरंही तसंच आणलं. गुरुजी मदतीला उठले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. सगळी पोती एकट्यानं मागून पुढे आणली, मग सगळ्यांनी मिळून गाडा रस्त्यावर ओढल्यावर जीपखाली शिरून पट्टी सरळ बसवली आणि मला हाक मारली, "ताई, बगून घ्या." मी पाहिलं. बरोबर होतं. माझ्याकडे परात नव्हती, पण डोळ्याला सपाट दिसत होतं, नाक किंचित खाली. दांडा घासेल म्हणून खड्डा आला की ते उतरून स्वतः पुढे दगड बाजूला करायचे आणि मग जीप काढायचे. शहागडपर्यंत त्यांनी कशावरही थाप मारली नाही.

शहागडला हमरस्त्यावर ट्रकांची रांग, भजी, केळ्यांच्या गाड्या, आणि त्या पलीकडे एकदम नदी. दिवसभर कोरड्या वाऱ्यानं माझे ओठ फुटले होते. ते पाणी पाहून मी लहान पोरीसारखी "पाणी!" म्हणून ओरडले. आमच्या खाडीइतकं नाही, पण रुंद, मातकट, शांत. तिथून काठाकाठानं कच्च्या वाटेनं गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. सगळं गाव काठावर होतं. एका बाजूला बौद्धवाडा, दुसऱ्या बाजूला बाकीचे, मध्ये थोडी रिकामी जागा. ती जागा मला मालवणची बाई असूनही लगेच दिसली.

पोती उतरवली, गाडा मागच्या बाजूनं पाण्यात ढकलला आणि होडी तरंगली. सांध्यातून थोडं पाणी झिरपलं, मग कापूस फुगला आणि थांबलं. मी आत उभी राहून जालन्यात परातीवरून घेतला तसा अंदाज घेतला. तोललेली होती. मला बाबांची फार आठवण आली.

गुरुजींनी आईला हात दिला. ती काठावर उभी. पाण्याकडे बघत होती की पलीकडे, कळत नव्हतं. मला भीती वाटली की ती नाही म्हणेल, आणि म्हटलं असतं तर तिला कुणी काय समजावणार होतं? गुरुजींचा हात तसाच पुढे राहिला. मग तिनं लुगडं जरा वर धरलं आणि बाबांनी बुटक्या ठेवलेल्या त्या काठावरून पाय आत टाकला. सहज आला पाय.

"पुढे बसा मावशी," मी म्हटलं. ती पुढच्या फळीवर बसली, तोंड पैलतीराकडे. गुरुजी वल्ह्यावर. मी मधे, सांध्यावर डोळा ठेवून.

बापूराव काठावर जीपचं टायर बघत होते. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

गयाबाईंनी मान वळवली. "बापू," ती म्हणाली.

गुरुजींचं वल्हं थांबलं. काठावरची कुजबुज थांबली. त्या गावात तिनं त्या घरातल्या कुणालाही अशी हाक मारली नव्हती, हे मला गुरुजींच्या चेहऱ्यावरून कळलं.

"बापू, ये. जागा हाये."

बापूरावांनी वहाणा काठावर काढल्या. धोतर भिजलं तरी वर धरलं नाही. ते येऊन मागच्या फळीवर बसले आणि होडी थोडी डोलली. मधे एकदाच त्यांचा आवाज आला, फार खालच्या पट्टीत, "मला याद हाये ते लेकरू. लाल झबलं व्हतं." गयाबाईंनी मागे पाहिलं नाही. "व्हय," ती म्हणाली. "लालच व्हतं."

पलीकडे होडी लागली. ती उतरली, चार पावलं चालली, हकिमाचं घर जिथे होतं त्या बाजूला पाहिलं. तिथे आता ऊस होता. मग परत येऊन बसली. परतीच्या खेपेनंतर गाव चढलं, पोरं चढली, गोंधळ झाला, आणि मधली रिकामी जागा त्या गोंधळात कुठे गेली ते मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसली असेल. मी खोटं कशाला लिहू?

सकाळी बापूरावांनी मला शहागडच्या स्टँडवर सोडलं. एसटीची वाट पाहताना समोर एक बैलगाडी भरत होती. गाडीवानानं जू दोन बोटांवर उचलून पाहिलं, तोंडानं च्‌च केलं, पुढची दोन पोती मागे सारली, पुन्हा उचलून पाहिलं आणि बैलाच्या मानेवरून हात फिरवला. चांगलाच माणूस असणार. मला तिकडे बघवेना. ज्या हातांना बैलाच्या मानेवरचं वजन बोटभर कळतं त्याच हातांनी नाव ढकलली होती, आणि त्या हातांना काठावरच्या बाईच्या कडेवरचं वजन कळलं नव्हतं. हे एकाच माणसात कसं मावतं, याचा धक्का मला अजून आहे. आणि त्या गावाचं नाव मी लिहीत नाही ते यासाठी, की वाचून कुणी "तिकडचे लोक असलेच" म्हणेल. आपल्याकडच्या खाडी ओलांडणाऱ्या तरींवर कोण आधी बसायचं नि कोण मागून, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

मालवणला पोचले तेव्हा बाबा पाय उशीवर ठेवून वाटच बघत होते. त्यांना सगळं क्रमानं हवं होतं. हूक किती उंच होता, पट्टी किती खाली घेतली, परातीत पाणी कसं दिसलं, कुठली फळी गेली. मी सगळं सांगितलं. तिकडचा कापूस सांध्यात चांगला फुगतो, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. गयाबाईंचं मी शेवटी सांगितलं. मग होडी बांधणाऱ्यानं विचारावं तेच त्यांनी विचारलं.

"पलीकडे पोचायला किती वेळ लागतो गो?"

मला आठवलं, काठावरून निघताना बापूरावांनी भेदरून तंबाखू चोळायला घेतली होती. पलीकडे लागलो तेव्हा ती त्यांच्या तळहातावर तशीच होती, चोळून झालेली नव्हती.

"तंबाखू चोळून होत नाही, बाबा," मी म्हटलं. "तेवढाच."